गुलाबरावांची पावलं

लातूर, २ एप्रिल २०२४

कमरुन्निसाआपा यांना सप्रेम नमस्कार,

आपली ओळख नाही, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. मी विशाखा. शाळेत भूगोल शिकवत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. काल जनावरांच्या दवाखान्यात दीपमाला नावाच्या बाई भेटल्या. त्यांच्या पिशवीत वाकड्या चोचीची कोंबडी होती आणि माझ्या पिशवीत गुलाबी रंगाचं पिल्लू. पिल्लू बघून त्या म्हणाल्या, "उदगीरच्या कमरुन्निसाआपाला लिहा. फोन नका करू, त्यांना ऐकू येत न्हाई. कागदावर मात्र लई बोलतात." आणि तुमचा पत्ता दिला.

झालं असं, की मी गंजगोलाईत कोथिंबीर आणायला गेले होते. एक माणूस टोपलीत रंगवलेली पिल्लं घेऊन बसला होता. हिरवी, जांभळी, गुलाबी. त्यातलं एक पोटावर पडलेलं, दोन्ही पाय दोन बाजूंना पसरलेले, आणि बाकीची त्याच्या अंगावरून चालत होती. मी विचारलं तर तो म्हणाला, "ते जगत न्हाई बाई. पाहिजे तर असंच न्या." आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आपा. तरी मी ते पदरात घेतलं आणि रिक्षात बसले. घरी यजमानांनी, म्हणजे अवधूतरावांनी, विचारलं, "हे काय आणलंस?" मी म्हटलं, "कोथिंबीर चांगली नव्हती."

आता ते खोक्यात आहे. खाली रोज स्वच्छ वर्तमानपत्र घालते. वरणभात खातं. पण उभं राहायला गेलं की पाय फाकतात आणि तोंडावर पडतं. डॉक्टर सज्जन होते, पण म्हणाले की अशा पिल्लावर कुणी उपचार करत बसत नाही. काही करता येईल का? मला कोंबड्यांतलं ओ की ठो कळत नाही.

आपली,
विशाखा


उदगीर, ५ एप्रिल

विशाखाबाई, सलाम.

रोजे चालू हायत, म्हणून थोडक्यात लिहिणार होते. पण रोज्यात गप्पा मारायला बंदी न्हाई. मी मराठी शाळेत शिकलेय आणि बोलते तशी लिहिते, तुम्ही शिक्षिका, तर चुका काढत बसू नका.

आधी ते वर्तमानपत्र काढा! गुळगुळीत कागदावर पिल्लाचा पाय ठरतच न्हाई, तुम्ही रोज स्वच्छ घालून त्याला रोज पाडून राहिल्या. खाली बारदान टाका. मग मऊ कापडाची बारीक पट्टी घ्या आणि दोन्ही पाय एकमेकांना सैल बांधा. मधे अंतर ठेवा, पिल्लू सरळ उभं राहिल्यावर जेवढं असतं तेवढं. आवळू नका. रोज सोडा, चोळा, पुन्हा बांधा. पहिल्या दिवशी ते लई शिव्या देईल. देऊ द्या.

वरणभातानं भागणार न्हाई. तुमच्या लातुरात पावलोपावली दालमिल हाय, डाळीची चुरी आणा. शेवग्याचा पाला बारीक चिरून द्या. किडे-मुंग्या ते स्वतः बघून घेईल, तिकडं तुम्ही तोंड फिरवा.

रंगवलेली पिल्लं म्हणजे नरच असतात, माद्या हॅचरीवाले विकत न्हाईत. म्हणून नाव ठेवायचं तर पोराचं ठेवा.

कमरुन्निसा


लातूर, १९ एप्रिल

कमरुन्निसाआपा,

ईद मुबारक, उशिरा का होईना.

उभा राहिला! पट्टी बांधली तेव्हा आधी बाजूला कलंडला, मग असा काही ओरडला की शेजारच्या बाई कुंपणावरून बघायला लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर बारदानावर उभा, आणि चेहरा असा, की हे काय नवीन काढलंय तुम्ही लोकांनी. मी एकटीच टाळ्या वाजवत होते. उजवा पाय सरळ आला. डावा मात्र अजून बाहेरच्या बाजूला वळतो, त्यावर भार दिला की बसतो.

पट्टीसाठी मऊ कापड सापडेना, म्हणून ह्यांच्या नव्या बनियनची कड कापली. ती ह्यांच्या लगेच लक्षात आली. "कोंबड्याला बनियन आणि मला चिंध्या," असं दिवसभर चाललं होतं. नाव ठेवलंय गुलाबराव. एकेरीत हाक मारवत नाही, इतका रुबाब आहे.

डाव्या पायाचं काय करू?

विशाखा


उदगीर, ३ मे

विशाखाबाई, सलाम.

पत्रासोबत एसटीच्या कंडक्टरकडे एक पुडकं दिलंय. जिलानी, माझे मालक, शिलाईचं दुकान चालवतात. त्यांच्या अस्तराच्या कापडाची झोळी शिवलीय. दोन खुर्च्यांच्या पाठींना तिची टोकं बांधा, गुलाबराव आत ठेवा, दोन भोकांतून पाय खाली सोडा. पायाची बोटं जमिनीला नुसती टेकली पाहिजेत. म्हणजे भार झोळीवर आणि कसरत पायाला. थोडा वेळ ठेवायचं, कंटाळला की काढायचं. मग जमिनीवर सोडून हातभर लांब खाणं ठेवायचं. भूक चालवते, आपण न्हाई चालवत.

ही अक्कल माझी न्हाई. मुरुडच्या गुरुबसप्पांची. ते लाइनमन होते, आता घरी असतात. त्यांची एक कोंबडी दोन्ही डोळ्यांनी आंधळी हाय. ते पाण्याच्या भांड्याला चमच्यानं ठण ठण वाजवतात, ती तिकडं जाते. दीपमालाची वाकडी चोच तुम्ही बघितलीच, तिला ती खोल वाटीत भिजवलेलं खाणं देते. मी हे सगळं इकडून तिकडं लिहून कळवते. लोक हसतात. लंगड्या कोंबडीचं एवढं काय, कापा अन् खा, म्हणतात. म्हणून सांगते, तुम्ही एकट्या न्हाई. आमच्यातल्या एक झाल्या.

आरवायला लागला की कळवा. मला कानानं ऐकू येत न्हाई, पण कोंबडं मांडीवर घेऊन छातीवर हात ठेवला की आवाज हाताला कळतो.

कमरुन्निसा


लातूर, २४ जुलै

कमरुन्निसाआपा,

मधे बरेच दिवस पत्र नाही, क्षमा करा. गुलाबराव आता भाजीच्या पिशवीत मावत नाहीत. गुलाबी रंग उडाला, आतून पांढरेशुभ्र निघाले. झोळीत बसून ऐटीत अंगण बघतात. पण जमिनीवर ठेवलं की दोन पावलं टाकतात आणि बसतात. मी हातभर लांब डाळ ठेवते, तर ते डाळीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. शेवटी मीच डाळ पुढे सरकवते. चातुर्मास लागला त्या दिवशी मात्र समोर आलेलं झुरळ खाल्लं. मी तोंड फिरवलं.

आता मुद्द्याचं. ह्यांच्या थोरल्या बहीण, गुणाअक्का, नांदेडहून महालक्ष्म्यांना आमच्याकडे येतात. सोवळं कडक. आम्ही दोघंही त्यांना अजून भितो. ह्यांनी परवा स्पष्ट सांगितलं, "महालक्ष्म्यांच्या आत कोंबडा घराबाहेर गेला पाहिजे. अक्कासमोर आरवला तर मी तोंड कुठं लपवू?" शेजारी एकजण न्यायला तयार आहे, पण तो कशासाठी नेणार ते मला ठाऊक आहे. लंगडा कोंबडा दुसऱ्या कशासाठी कोण नेतो?

तुम्ही ठेवून घ्याल का? म्हणजे तुमच्याकडे जागा असली तर. तुमच्याकडेही सणवार, पाहुणे असतात, तेव्हा घरात काही लागतं, हे मी समजू शकते. तसं मला काही वाटणार नाही. पक्षीच तो.

विशाखा


उदगीर, ३० जुलै

विशाखाबाई,

सलाम आज उशिरा करते, आधी भांडते.

तुम्हाला विचारायचं होतं, "आपा, तुम्ही माझा गुलाबराव खाणार तर न्हाई?" एवढं एक वाक्य. त्याच्याऐवजी तुम्ही सणवार लिहिले, पाहुणे लिहिले, जागा लिहिली. मला ऐकू येत न्हाई, वाचता येतं.

तर ऐका. आम्ही कोंबडी खातो आणि आवडीनं खातो. पण ज्याला नाव ठेवलं त्याला आमच्या घरात सुरी लागत न्हाई. जिलानींची शिराज म्हणून लंगडी कोंबडी आठ वर्षं जगली, म्हातारी होऊन मेली, आणि त्या दिवशी जिलानींनी दुकान उघडलं न्हाई. तुमच्या गुलाबरावाचं तर नाव तुम्ही ठेवलंय, पट्टी तुमच्या मालकांच्या बनियनची अन् झोळी माझ्या हातची. त्याला कोण खाईल?

ठेवून घेते. जागा हाय.

पण "पक्षीच तो" हे वाक्य मी दोनदा वाचलं. तेवढं एक खोटं लिहिलंय तुम्ही.

आता सलाम.

कमरुन्निसा


लातूर, १६ ऑगस्ट

आपा,

हरले. तुमचं पत्र वाचून आधी लाजेनं कान गरम झाले, मग स्वयंपाकघरात बसून हसले, मग रडले. हो, खोटं लिहिलं होतं. मला तो हवा आहे. शाळा सुटल्यापासून सकाळी उठून कुणाकडे तरी धावत जावं असं काही नव्हतं, ते आता आहे. पण ह्यांच्याकडे लग्नापासून हट्ट असा केलाच नाही, आणि आता पहिला हट्ट कोंबड्यासाठी कसा करू? तो तुमच्याकडे सुखात राहील. एवढं मला पुरे आहे, असं मी रोज स्वतःला सांगते.

एक नवल. माझ्यासमोर गुलाबराव अजून दोन पावलांच्या वर जात नाहीत, पण डाव्या पायाची मांडी चांगली भरली आहे. हाताला लागते. पाय वाकडाच आहे, जोर मात्र आलाय. झोळीचाच गुण असावा. तुरा बारीक आहे, आणि आरवत अजिबात नाहीत. ह्यांना त्यातच समाधान आहे.

बाकी घरात उंदीर झालेत. शेंगदाण्याचा डबा भरून ठेवला की आठवड्यात तळ दिसतो. पिंजरा लावलाय, सापडत मात्र एकही नाही.

विशाखा


उदगीर, २३ ऑगस्ट

विशाखाबाई, सलाम.

नुसत्या झोळीनं मांडी भरत न्हाई. चालल्यावर भरते. तुम्ही चालवत न्हाई म्हणता, मग त्याला कोण चालवून राहिलंय? जरा बघा. उंदरांचंही बघा.

तुऱ्याची काळजी नको. पाय अधू असला की वाढ मागं राहते, तुरा उशिरा येतो. पुढच्या महिन्यात असा आरवेल की तुमच्या नणंदबाई नांदेडातच उठून बसतील.

गुरुबसप्पा ८ तारखेला, रविवारी, मोटारसायकलवर टोपली बांधून येतील आणि त्याला मुरुडला नेतील. तिथून पुढं जिलानी आणतील. तोवर नणंदबाईंपासून लपवायचं तुमचं चाललंय, ते लपवा. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत न्हाई, एवढं तुम्हाला मी काय सांगू.

निघताना त्याच्या टोपलीत तुमच्या जुन्या साडीचा तुकडा घाला. वास ओळखीचा लागतो.

कमरुन्निसा


लातूर, १३ सप्टेंबर

आपा,

काल महालक्ष्म्या गेल्या, आज हात मोकळा झाला. बसून वाचा. सगळं सांगते, काही गाळत नाही.

रविवारी गुरुबसप्पा आले नाहीत. त्यांची एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, नेमकी पिल्लं त्याच दिवशी फुटायला लागली. निरोप आला, मंगळवारी येतो. मंगळवारी म्हणजे महालक्ष्म्या यायच्या दिवशी! आणि सोमवारी गुणाअक्का येऊन दाखल. मी गुलाबरावांना मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाआड ठेवलं. मंगळवारी सकाळपासून त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. उठत होते, बसत होते, कोपरे धुंडाळत होते, आणि घशातून कधी न ऐकलेला लांबट आवाज. मला वाटलं, आज जायचं हे ह्याला कळलं. दुपारी टोपलीत माझ्या नारायणपेठीचा तुकडा पसरला, त्यांना आत ठेवलं, वर फडकं झाकलं. आत गेल्यावर एकदम शांत झाले. मी तिथंच दगडावर बसून पोटभर रडून घेतलं आणि तोंड धुऊन पुरणाला लागले.

संध्याकाळी महालक्ष्म्या आणल्या. फाटकापासून ओसरीवरून आतपर्यंत मी रांगोळीची पावलं काढली होती, वर हळदकुंकू. मुखवटे माझ्या हातात, हे थाळी वाजवत होते, आणि अक्का आतून विचारत होत्या, "कोण आलं?" "महालक्ष्म्या आल्या." "कशाच्या पावलानं आल्या?" "सोन्याच्या पावलानं आल्या." ज्येष्ठा-कनिष्ठा घरभर फिरवून आसनावर बसवल्या. बाहेर येते तर फाटकाशी गुरुबसप्पा, टोपी हातात घेऊन उभे. थाळीचा आवाज ऐकून बिचारे आत आलेच नव्हते.

मी टोपली आणून ओसरीच्या पायरीखाली ठेवली. त्यांनी फडकं बाजूला केलं, गुलाबरावांना दोन्ही हातांनी उचललं, आणि तसेच थांबले. नारायणपेठीच्या तुकड्यावर एक अंडं होतं. लहानसं, गुलाबीसर.

"ताई," गुरुबसप्पा म्हणाले, "हा गुलाबराव कशाचा? ही तर तलंग हाय! तरणीताठी कोंबडी. पैलं अंडं दिलंय हिनं."

आपा, भूगोल शिकवता शिकवता मी वर्गातल्या पोरांना काय काय ओळखायला लावलं. घरातल्या कोंबडीचा कोंबडा करून मी पाच महिने अहो-जाहो करत होते. आणि तेवढ्यात माझ्या मागे गुणाअक्का. सोवळ्यात, हातात आरतीचं तबक. हे थाळी मांडीवर घेऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसले.

अक्कांनी वाकून टोपलीतलं अंडं बघितलं. मग मला म्हणाल्या, "कुठं चालली ही?"

मी म्हटलं, "मुरुडला. तिथून उदगीरला. ठेवायला."

"का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "अक्का, तू येणार होतीस, तुझं सोवळं..."

"माझं सोवळं माझ्यापाशी हाय. मला विचारलं होतंस का?" आणि मग तबक उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन म्हणाल्या, "अवधूत, आत्ता थाळी वाजवून लेकी घरात घेतल्यास ना? आजच्या दिवशी माहेरवाशिणी आणतात. अन् तू ही कुणाची लेक दारातून बाहेर काढून राहिलास?"

तेवढ्यात गुरुबसप्पांनी तिला खाली ठेवलं. मला वाटलं, दोन पावलं टाकेल आणि बसेल. ती थांबली नाही, आपा. पायरीला अडली, पंख फडफडवून एका उडीत वर चढली आणि रांगोळीच्या पावलांवरून निघाली. उजवा पाय सरळ, डावा फराटा ओढत. प्रत्येक पावलात तिची तीन बोटं उमटत गेली, हळदीकुंकवाची. थेट ह्यांच्या खुर्चीपाशी गेली आणि ह्यांच्या सदऱ्याचा खिसा टोचायला लागली.

खिशातून शेंगदाणे सांडले.

हे म्हणाले, "सकाळी जरा फिरवतो. तू दूध आणायला जातेस तेव्हा. पाय मोकळे व्हायला पाहिजेत ना त्याचे." मग दुरुस्त केलं, "तिचे." उंदीर सापडला, आपा! कधीपासून कोण जाणे, रोज सकाळी हा माणूस ओसरीभर शेंगदाणे टाकत तिला चालवत होता, आणि अक्काच्या भीतीनं तिलाच घराबाहेर काढायला निघाला होता. एवढा राग आणि एवढं हसू मला आयुष्यात एकदम आलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ती कुठंही जाणार नाही. मला ती हवी आहे." झाला पहिला हट्ट करून. वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "देवघरात नको, ओसरीवर राहू दे. अन् अंडं ह्या पाहुण्यांच्या हाती दे, आपल्याला काय करायचंय त्याचं? हात साबणानं धू." गुरुबसप्पांना पुरणपोळी खाऊ घालूनच सोडलं. रिकामी टोपली मोटारसायकलला बांधताना ते डोळे पुसत होते, की हसत होते, मला अंधारात नीट दिसलं नाही.

अंडं तुमच्यासाठी पाठवलं आहे. पोचलं का? तिला आता नुसतं गुलाब म्हणतो. ह्यांच्या तोंडून मात्र अजून "गुलाबराव" निघतं.

तुमची,
विशाखा


उदगीर, १९ सप्टेंबर

विशाखा,

बाई काढून टाकलं, चालेल ना? सलाम.

तुझं पत्र जिलानींनी मला वाचू दिलंच न्हाई, स्वतःच मोठ्यानं वाचत बसले, जसं काही मला ऐकू येतं. मग मी हिसकावून घेतलं. उदगिरात कोंबडीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो, आणि मी कागदावर पोरीचं पोरगं करून ठेवलं. तुरा बारीक, आरवत न्हाई, तू सगळं बरोबर लिहून राहिली होतीस. मीच आधी ठरवलेलं सोडलं न्हाई. दीपमाला अजून हसून राहिलीय, हसू दे.

अंडं पोचलं. गुरुबसप्पांनी मुरुडहून ते रुमालात बांधून स्वतः आणलं, बसमध्ये मांडीवर ठेवून. तू विचारणार न्हाईस, म्हणून सांगते: खाल्लं. अर्धं मी, अर्धं जिलानींनी. एवढंसं अंडं, पण दोघांनी सणासारखं खाल्लं. तुझ्या नणंदबाईंना माझा सलाम कळव. अन् तुझ्या मालकांना सांग, शेंगदाणे कमी कर म्हणावं, जाड झाली की पायावर भार येतो. तासाला मूठभर देणारे सगळे बाप मला ठाऊक हायत.

आता माझं एक काम कर. अंडं दिल्यावर तलंग जी ओरडते, साऱ्या गल्लीला सांगत सुटते, ते ऐकून मला लई वर्षं झाली. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी लातूरला येते. माझ्यासाठी वेगळं काही रांधू नकोस, वरणभात कर. गुलाबनं अंडं दिलं की लगेच तिला उचलून माझ्या मांडीवर दे.

मी तिच्या छातीवर हात ठेवून ऐकते.

तुझी,
कमरुन्निसा